नंबर न देता गिऱ्हाइकांशी बोल
पोरी, खडेबाजारात ब्लाऊज शिवतेस, गिऱ्हाइकांचे मेसेज येणारच. पण प्रत्येकाच्या हाती स्वतःचा नंबर कशाला? सिग्नल हे मेसेजचं ॲप घे. खातं उघडायला नंबर लागतोच, ते टळत नाही. मात्र २०२४ पासून तिथं युजरनेम घेता येतं, शेवटी निदान दोन आकडे असलेलं. त्याचाच क्यूआर कोड दुकानात चिकटव. मग ॲपच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत ‘फोन नंबर’ उघड. नंबर कुणाला दिसावा, हे आधीच ‘कुणालाही नाही’ असं असतं. नंबरावरून कुणी शोधावं, हे मात्र सगळ्यांना खुलं असतं, तेही बंद कर. लोक नेमकं हेच विसरतात. ज्यांनी नंबर आधीच सेव्ह केलाय, त्यांना तो दिसणारच. आणि प्रोफाइलला गल्लीचं नाव घालू नकोस. मी घातलं होतं. निपाणीचं एक गिऱ्हाईक रात्री नऊला थेट दारात!