एकाच मुलीची तीन नावं

‘मॅडम, दहावीच्या मार्क्स कार्डावर एक नाव, डिग्रीवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरंच. बाहेरच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळेल का?’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं परदेशातल्या शिक्षणाचा सल्ला विचारायला माझ्याकडं येतात तेव्हा पैशांच्याही आधी हे विचारतात. आपल्या भागाचं दुखणंच आहे ते. घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही मराठी रीत. शाळेच्या दाखल्यावर नावाला इनिशियल जोडायची इकडची, कर्नाटकातली रीत. पहिलीत गुरुजींनी रजिस्टरात जे लिहिलं, तेच एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, छापून येतं आणि जन्माला चिकटतं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये खानापूर तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली. तिला सुजाता म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मेकॅनिकल झालेली, जर्मनीत मास्टर्स करायचं होतं. बाहेर धो धो पाऊस. वडिलांनी खताच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक काढून त्यात सगळे कागद गुंडाळून आणलेले. एसटीनं येऊनही एक थेंब लागलेला नव्हता. टेबलावर कागद मांडत ते म्हणाले, ‘बघा की मॅडम, पोरगी एक आणि कागदात तिघी दिसूलाल्यात.’

दहावीला ‘सुजाता पी. पाटील’. डिग्रीला ‘सुजाता पी.’ एवढंच, आडनाव गायब. पासपोर्टवर ‘सुजाता परशराम’ आणि आडनाव ‘पाटील’. शिवाय जन्मदाखल्यावर बेलगाम, पासपोर्टवर बेळगावी. शहरातल्या एका कन्सल्टन्सीनं सांगितलं होतं, गॅझेटात नाव बदलून घ्या, २५,००० रुपये होतील, त्याशिवाय फाइल पुढं सरकणार नाही. वीटभट्टीवर मजुरांचे आठवड्याचे पैसे भागवणारा माणूस ते २५,००० जमवायच्या मागं होता.

सुजाता बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘त्यांना वाटेल मी दुसऱ्याच कुणाची तरी डिग्री दाखवतेय.’

खरी भीती ही होती. तेव्हा नियम सांगत बसण्याऐवजी मी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. प्रत्येक कागदावरचं नाव जसं छापलंय तसं, अक्षर न् अक्षर, एकाखाली एक लिहायला लावलं. बाजूला जन्मतारीख आणि वडिलांचं नाव. लिहून झाल्यावर विचारलं, ‘जन्मतारीख किती प्रकारची आहे?’ एकच. ‘वडील?’ तेही एकच. ‘मग तू नाव बदललंस कधी?’

‘बदललंच नाही.’

‘मग बदलल्याचं गॅझेट कशाला?’

माझं सगळं म्हणणं एवढंच होतं. गॅझेट हे नाव बदलणाऱ्यासाठी. इथं नाव तेच आहे, फक्त लिहायच्या पद्धती तीन. उगाच गॅझेट केलं असतं तर ‘अमुक तारखेला हिनं नाव बदललं’ असा चौथा कागद तयार झाला असता आणि त्याच्याशी बाकीचे तीन जुळवत बसावं लागलं असतं. जन्मतारखेतच फरक असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती दुरुस्त करूनच पुढं जायचं, मग एक वर्ष गेलं तरी चालेल.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी मार्क्स कार्डाप्रमाणं पासपोर्टच बदलून घ्यायला लावलं होतं. त्याची आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, जुन्या पासपोर्टवर झालेली. म्हणजे एक फरक मिटवायला गेले आणि दुसरा उभा केला. त्याचा एक इनटेक, म्हणजे प्रवेशाचा हंगाम, गेला तो माझ्यामुळं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पासपोर्ट नीट, मग पासपोर्टवर जसं आहे तस्संच नाव परीक्षेला, अर्जाला, व्हिसाला. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असेल (आपल्याकडं असे बरेच सापडतात) तर तो सगळ्यात आधी भरून घ्यावा. नाहीतर अमेरिकेच्या व्हिसावर मुलाचं नाव सरकतं आडनावाच्या जागी आणि नावाच्या जागी येतं ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आईबापांनी हौसेनं बारसं केलेलं असतं!

सुजाताचा पासपोर्ट पूर्ण होता. आम्ही स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत ॲफिडेव्हिट केलं: ही तीनही नावं एकाच व्यक्तीची, वडिलांचं नाव हे, पासपोर्ट नंबर हा. नोटरीचा शिक्का घेतला. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांकडूनही त्याच अर्थाचं एक पत्र आणलं. दोन्ही स्कॅन करून प्रत्येक अर्जाला जोडायचं ठरलं. खर्च हजाराच्या आतच राहिला. गावाच्या नावाचं तर काहीच केलं नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं शहराचं इंग्रजी स्पेलिंग बदललं, त्याआधीच्या दाखल्यावर जुनंच असणार. अर्जात पासपोर्टप्रमाणं लिहायचं. आपण त्या नावावरून कितीही भांडलो तरी म्युनिकच्या कारकुनाला त्याचं सोयरसुतक नाही.

नावाचं ओझं उतरल्यावर तिनं दुसरं गाठोडं सोडलं. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिला होता. ‘एसओपीत लिहू नको म्हणतात सगळे.’ एसओपीत, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या मनोगतात, लिही न लिही, ट्रान्स्क्रिप्टवर आणि मार्क्स कार्डांवर तो दिसणारच. दोन ओळींत सरळ लिही म्हटलं. मार्कांचा हिशेब तसा वाईट नव्हता. जर्मन पद्धतीत १ सगळ्यात वरचा आणि ४ म्हणजे काठावर पास. तिचा सीजीपीए ७.२, कमाल १० आणि पासचा ४ धरला तर सूत्रानं २.४ येतो. बऱ्याच कोर्सना २.५ च्या आतलं लागतं.

पुढचं सगळं वेळ आणि पैसा खाणारं होतं, पण सरळ. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालेलं एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद खरे असल्याचं), त्याची फी तेव्हा १८,००० रुपये. युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवायचे. ते ऐकून वडील खिडकीबाहेर बघत बसले होते. शेवटी थोडं कर्ज, थोडं मामाकडून.

दोन नकार आले. दोन्ही ठिकाणी विषयांचे क्रेडिट कमी पडले म्हणून. तिसरीकडं प्रवेश झाला. नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मागच्या ऑक्टोबरात तिचा तिकडून फोन आला. आवाजात तीच जुनी धाकधूक. ‘मॅडम, खोलीच्या टपालपेटीवर नाव लावायचंय. इथं पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं टपालानंच यायचंय. काय लिहू?’

‘पत्रं कुठल्या नावानं येतात?’

‘फ्राउ पाटील, म्हणजे श्रीमती पाटील.’

‘मग पाटील लिही.’

‘नुसतं पाटील?’ ती हसायला लागली. ‘डिग्रीवर तेवढंच नाहीये.’