वीज गेल्यावर फ्रिजमधलं किती टिकतं?

प्रश्न : वादळाचा इशारा आला आहे. वीज दोन दिवस जाईल असं दिसतं. फ्रिजमधल्या अन्नाचं काय करावं? इन्व्हर्टर नाही.

उत्तर : तयारी आदल्या रात्रीच करा. प्लॅस्टिकच्या बाटल्या पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेवा, पण वर चार बोटं जागा सोडा. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. या बाटल्या गारवा धरून ठेवतात आणि वितळल्यावर पिण्यालाही चालतात.

दार बंद राहिलं तर खालचा कप्पा सुमारे 4 तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. म्हणून रिकामी जागा बाटल्यांनी भराच.

दुसरी युक्ती : वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. नंतर नाणं तळाशी दिसलं, तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळला होता. मग वरवर सगळं पुन्हा गोठलेलं दिसलं तरी मांस-मासे टाकून द्या. वास घेऊन किंवा चव घेऊन ठरवू नका, घातक जंतूंना वास नसतो.

वीज जाताच फ्रिजचा प्लग काढा. परत आल्यावर दाब वरखाली होतो, म्हणून एक दिवा खुणेसाठी चालू ठेवा, तो स्थिर जळू लागल्यावर दहा मिनिटांनी प्लग लावा.

जनरेटर आणलात तर तो घरात किंवा व्हरांड्यात कधीही नको; खिडक्या-दारांपासून किमान 20 फूट लांब ठेवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो.