पहिल्यांदाच हिवाळ्यातल्या कंदील महोत्सवाला जाताय? एवढं सांभाळा

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आत शिरा, शक्यतो सुट्टीचा दिवस टाळून. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने साधारण 20-25 मिनिटं आकाश गडद निळं असतं. फोटो तेव्हाच काढून घ्या. नंतर काळ्या आभाळात नुसते उजेडाचे ठिपके उरतात. फ्लॅश बंद! त्याने कंदिलाच्या कापडामागचा उजेड मरतो, शिवण आणि तारा तेवढ्या दिसतात.

नवखे हमखास चुकतात ते पायांत. रांगेत उभं राहिलं की जमिनीचा गारठा तळव्यांतून चढतो. जाड तळाचे बूट, लोकरीचा एकच मोजा. दोन कोंबले तर बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही, बोटं आणखी गारठतात.

फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. ट्रायपॉडचं पुढच्या खेपेला बघू.