लंडन की लीड्स: घरात व्हीलचेअर असेल तर

लंडन आणि लीड्स, दोन्हीकडच्या नोकरीच्या ऑफर हातात आहेत, मिसेस व्हीलचेअर वापरतात, आणि ‘इंग्लंडच ते, सोयी सगळीकडे सारख्याच असणार’ असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाहीये. मी लीड्सला राहतो, म्हणून आधी इथलं सांगतो.

लीड्सला ना मेट्रो, ना ट्राम. ट्रामची योजना सरकारने २००५ मध्ये गुंडाळली, मग आणलेली ट्रॉलीबसची (वरच्या तारांवर चालणाऱ्या विजेच्या बसची) योजना २०१६ मध्ये नामंजूर झाली. राहिली बस. लंडन वगळता ब्रिटनमधली बससेवा १९८६ मध्ये खासगी कंपन्यांवर सोडली, त्यामुळे तोट्यातली फेरी बंद होते, आणि ती नेमकी रात्रीची किंवा रविवारची असते. लंडनमध्ये मार्ग आणि भाडं सरकारी यंत्रणाच ठरवते. मँचेस्टरने २०२५ पर्यंत बससेवा पुन्हा आपल्या हातात घेतली. आमच्याकडे नुसता निर्णय झालाय.

बसमध्ये चढण्यातही फरक. लंडनमध्ये ड्रायव्हर बटण दाबतो आणि मधल्या दारातून रॅम्प बाहेर येतो. इथे तो केबिनमधून उठून पुढच्या दाराशी हाताने रॅम्प उलगडतो. व्हीलचेअरची जागा बहुधा एकच, तिथे बाबागाडी उभी असली की वाद ठरलेला. वेदरबी-लीड्स बसमधला असाच एक वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की ड्रायव्हरने बाबागाडीवाल्याला जागा सोडण्याची एकदा विनंती करून गप्प बसायचं नाही.

पण म्हणून डोळे झाकून लंडनही घेऊ नका. ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, २७२ स्टेशनांपैकी पायऱ्या टाळून जाता येतं अशी साधारण एक तृतीयांशच. नकाशात व्हीलचेअरचं निळं चिन्ह असेल तर रस्त्यापासून डब्यापर्यंत; पांढरं म्हणजे फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत, पुढे तुमचं नशीब. २०२२ ला सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइन या लंडनच्या रेल्वेमार्गावर मात्र एकाही स्टेशनात पायऱ्यांची अडचण नाही. (न्यूकॅसलच्या मेट्रोत ही सोय १९८० पासून आहे, त्यामुळे ‘उत्तर इंग्लंड मागासच’ हेही खरं नाही.)

आता पैशाचं. वर्क व्हिसावर पीआयपी, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता, साधारणपणे मिळत नाही. त्यामुळे त्या भत्त्यावर मिळणारी मोटॅबिलिटी योजनेची भाड्याची गाडीही विसरा. अपंगांच्या पार्किंग सवलतीच्या ब्लू बॅजसाठी अर्ज करता येतो, तो जरूर करा.

माझं विचाराल तर ऑफिस आणि घर दोन्ही एलिझाबेथ लाइनवर जमत असेल तर लंडन, भाडं टोचलं तरी. नाहीतर लीड्स, पण पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या गाडीचा खर्च धरून. आणि इथली जुनी चाळवजा घरं फोटोत छान दिसतात, पण दारातच तीन-चार पायऱ्या असतात. एजंटकडून दाराचा व्हिडिओ मागवल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. दोन्ही ऑफिसांचे पोस्टकोड पाठवलेत तर जवळची स्टेशनं बघून सांगतो.