डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात घरी रचलेला 'शाहीर' क्लास (पात्राचा प्रकार) सगळंच करतो. तो बॅलन्स्ड आहे का, हे कसं तपासायचं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: कोथरूडचा ग्रुप, पाच खेळाडू, डीएनडीचे २०१४चे नियम, लेव्हल ५. एकाने स्वतः रचलेला शाहीर आणलाय. त्याला डी१० (दहा बाजूंचा फासा) हिट डाय (यावर हिट पॉइंट, म्हणजे जीव, ठरतात), बार्ड या गायक-जादूगार क्लासइतकेच स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या ठरावीक संधी), पाचव्या लेव्हलला दुसरा अटॅक आणि बोनस ॲक्शनवर (टर्नमधली छोटी जादा कृती) पोवाडा. पोवाड्याने प्रत्येक साथीदाराला रोलमध्ये मिळवायला एक डी६ मिळतो, शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) तीनदा. 'हा माझं काम करतोय' अशी फायटरवाल्याची तक्रार आहे.

शाहीर जड आहेच, पण फायटरवाला बोट ठेवतोय तिथे नाही.

आधी डॅमेज बघा. समोरच्याचा एसी (अटॅक लागायला गाठायचा आकडा) १५. फायटरची स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड, दोन अटॅक: क्रिट (वीस पडला की दुप्पट फासे) धरून राउंडला सरासरी १५. शाहिराची स्ट्रेंग्थ १६, डी८चा दांडपट्टा, तेही दोन अटॅक: साडेनऊ. शिवाय फायटरकडे ॲक्शन सर्ज (एका टर्नमध्ये जादा ॲक्शन) आहे. म्हणजे दुसऱ्या अटॅकने फायटरचं पोट मारलं जात नाही. एक अट मात्र तपासा: अटॅकलाही करिश्मा (ज्या गुणावर मंत्र चालतात तो) वापरायची मुभा दिली असेल, तर ती आधी काढा. स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही वाढवायला लागणं हीच अष्टपैलू क्लासची किंमत असते. हेक्सब्लेड वॉरलॉक या क्लासला अटॅकलाही करिश्मा चालतो; दुसऱ्या क्लासचे लोक त्याची एकच लेव्हल घ्यायला का धावतात, ते यातच आलं.

आता पोवाडा. पाचव्या लेव्हलच्या बार्डचा करिश्मा १८ असेल, तर त्याला रेस्टमागे साथीदारांना द्यायला चार डी८ मिळतात, आणि बोनस ॲक्शनमागे एकालाच एक देता येतो. बेरीज सरासरी १८. शाहीर तीन पोवाड्यांत चार साथीदारांना मिळून १२ डी६ वाटतो: ४२. दुपटीहून जास्त, आणि बोनस ॲक्शन एकाने कमीच. अटॅकचा रोल बघून मग हा डाय वापरता येत असेल तर फरक आणखी वाढतो, कारण तीनने हुकलेला अटॅक डी६मुळे सहापैकी चार वेळा लागतो आणि वाया फारसं काही जात नाही. खरी गडबड इथे आहे.

म्हणून क्लास 'काय काय करू शकतो' याची यादी करत बसू नका. यादी लांब दिसणारच. एका राउंडमध्ये यातलं किती एकत्र करता येतं, ते मोजा. बार्डची जॅक ऑफ ऑल ट्रेड्स (न शिकलेल्या कामांनाही थोडा बोनस) बघा: ऐकायला भारी, पण पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी (सरावाचा) बोनस ३, त्याचा अर्धा खाली धरून फक्त +१. एक्स्पर्टीज (तोच बोनस दुप्पट) घेतलेला रोग (चोर क्लास) लपायला +१० घेऊन येतो, त्याला यातून काही धोका नाही.

कागदावर एवढं झालं की एक चाचणी लढाई खेळा. चार ओगर (धिप्पाड राक्षस) घ्या. पाच जणांना ती मीडियम पडते. पहिल्या राउंडला शाहीर हिप्नॉटिक पॅटर्न (शत्रूंना भुलवून थिजवणारा मंत्र) टाकेल. सेव्ह डीसी (मंत्रातून वाचायला गाठायचा आकडा) १५, ओगरचं विस्डम ७, म्हणजे ८० टक्के वेळा तो फसतो; चारातले तीन फसले असं धरा. एसी १६ समोर एक ओगर राउंडला साडेसातच्या आसपास डॅमेज करतो, म्हणजे तीन राउंडांत ६५-७० डॅमेज वाचलं. डॅमेजच्या हिशेबात हे कुठेच दिसत नाही, म्हणून वहीत वेगळा रकाना ठेवा. अर्थात हे साधा बार्डही करतो, म्हणून तीच लढाई शाहिराच्या जागी बार्ड घेऊन पुन्हा खेळा. जो फरक उरेल तो शाहिराचा.

एका लढाईवर निकाल देऊ नका. २०१४चं डीएम गाइड (खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) दिवसाला सहा ते आठ चकमकी आणि मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट धरून चालतं. रविवारच्या चार तासांत बहुतेक टेबलांवर एकच मोठी मारामारी होते. तिथे स्लॉट पुरवून वापरायची गरजच नसते, त्यामुळे कुठलाही स्पेलवाला भारी वाटतो आणि फायटर बिचारा. निदान तीन चकमकी लाँग रेस्टशिवाय (रात्रभराच्या विश्रांतीशिवाय) सलग घ्या.

लेव्हलही बदलून बघा. मून ड्रुइड (प्राण्याचं रूप घेणारा क्लास) दुसऱ्या लेव्हलला ३४ हिट पॉइंटचं तपकिरी अस्वल होतो, तेही रेस्टमागे दोनदा, तर फायटरकडे तेव्हा जेमतेम २० असतात. पुढे पाचवी गाठेपर्यंत तीच गोष्ट फिकी पडते. शाहीर तिसरी, पाचवी आणि नववी अशा तीन लेव्हलांना तपासा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा. मी पोवाड्याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच गोष्टीवर लक्ष टिकवायची अट; पॅटर्नलाही ती आहे) लावेन आणि डाय पुढच्या टर्नच्या शेवटी संपवेन. मग पॅटर्न की पोवाडा, हे दर वेळी ठरवावं लागेल, आणि ओगरची गदा बसली की लक्ष टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्हही आलाच. हिट डाय डी८ करा. दुसरा अटॅक सहाव्या लेव्हलला ढकला. कॉलेज ऑफ व्हॅलर या लढाऊ शाखेच्या बार्डलाही तो तेव्हाच मिळतो. आणि पोवाडा पहिल्या लेव्हलला देऊ नका, नाहीतर पुढचा पॅलाडिन एक लेव्हल शाहिराची घेऊनच टेबलावर येईल.