विमानाच्या भीतीवर फिल्म करतोयस? आधी हात बघ
विमानात शूट करायचा हट्ट सोड. पुण्याचा लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचा तळ आहे, परवानगीशिवाय तिथे कॅमेरा काढायचाच नाही. भीती तशीही घरीच सुरू होते, बॅग भरताना. माझ्या पहिल्या फिल्ममधल्या काकू बोलताना अगदी शांत, पण मांडीवर रुमालाचं टोक पिळत होत्या. ते हात मी टिपले नाहीत, अजून हळहळ वाटते. तू क्लोजअप घेच. पंखा बंद कर, खोलीतली नुसती शांतता 30 सेकंद रेकॉर्ड कर. एडिटिंगला दोन तुकड्यांमधले सांधे तीच जुळवते. ‘का घाबरता?’ नको, ‘विमानाचं दार बंद होतं तेव्हा काय होतं?’ असं विचार. समोरच्याला धाप लागली तर कॅमेरा लगेच बंद कर, पाणी दे. पुढचं शूट त्यांनी म्हटलं तरच.