क्रेनवाल्याने गाडी अडवून ठेवली आहे, यार्डाचं भाडं रोज वाढतंय

प्रश्न: आमची एकच दहाचाकी मालगाडी आहे. मी स्वतः चालवतो, लांबच्या खेपेला एक ड्रायव्हर ठेवतो. त्या रात्री तो एकटाच होता. भरल्या गाडीची क्लच प्लेट चढावर गेली, हवा उतरून ब्रेक जाम झाले. रस्त्याकडेच्या बोर्डावर नंबर होता, त्यावर फोन केला. क्रेनवाल्याशी मीही बोललो आणि रक्कम ठरली. पहाटे गाडी यार्डात पोचली आणि बिल आलं चौपट! दुसरी क्रेन, रात्रीचा दर, रिकव्हरी, असं काय काय त्यात आहे. ड्रायव्हरची एका छापील कागदावर सही घेतली आहे. आज अकरावा दिवस. यार्डभाडं रोज चढतंय, माल आत अडकलाय, पार्टीचे फोन थांबत नाहीत. त्यात यार्डात गाडी बघून आलेला मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्सही गेला. तो आधी ठणठणीत होता. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. पैसे न देता गाडी सोडवता येईल का?

उत्तर: काहीच न देता, नाही. तो मागतो तेवढे देणं मात्र तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि आज दिलेले पैसे परत मागता येतात. अकरा दिवस थांबलात ते यातली दुसरी गोष्ट माहीत नसल्यामुळे. क्रेनवाल्याला तुम्ही काय देणं लागता हे ठरायला महिने जातील. गाडी बाहेर काढायला तेवढे महिने थांबायची गरज नाही.

आधी त्याची बाजू बघू, कारण समोरचा वकील तीच मांडणार आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, ताब्यात दिलेल्या वस्तूवर कुणी श्रम किंवा कौशल्य खर्च केलं, तर वाजवी मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू तो अडवून ठेवू शकतो. भरलेली गाडी रात्री चढावरून काढणं हे श्रमाचं आणि कौशल्याचं काम नाही, असा वाद घालता येईल, पण मी त्यावर तुमची लढाई उभी करणार नाही. दुसरी क्रेन खरंच लागली असेल तर तिचेही काही पैसे निघतात. ड्रायव्हरला अधिकारच नव्हता, हा मुद्दाही फार ताणू नका. त्याच कायद्याचं कलम 189 अडीअडचणीच्या वेळी मालकाचं नुकसान टाळण्यासाठी शहाणा माणूस जे करील ते करायचा अधिकार प्रतिनिधीला देतं. मध्यरात्री चढावर बंद पडलेल्या गाडीजवळचा ड्रायव्हर यात सहज बसतो. मात्र तो अधिकार गाडी सुरक्षित जागी नेण्यापुरता आहे. रोजचं यार्डभाडं कबूल करण्यापर्यंत किंवा कोऱ्या रकान्यांवर सही करण्यापर्यंत तो जात नाही. त्या छापील कागदाची प्रत लेखी मागा, आणि रकमेचा आकडा सहीच्या वेळी लिहिलेला होता का, हे ड्रायव्हरला आजच विचारून लिहून ठेवा. महिन्याभराने त्याला नक्की आठवणार नाही.

आता यार्डभाडं. अडवून ठेवण्याचा हक्क मेहनतान्यापुरता असतो. स्वतःच्या वसुलीसाठी वस्तू अडवायची आणि तिने जागा अडवली म्हणून तिच्याच मालकाकडून भाडं घ्यायचं, हे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1860 मध्येच नाकारलं. तिथे दुरुस्तीच्या बिलापोटी गोदीवाल्याने जहाज अडवलं होतं आणि वर गोदीभाडं मागितलं होतं. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तर्क तोच आहे आणि इथेही मांडता येतो. तुमच्या बोलण्यात यार्डभाडं ठरलंच नसेल तर त्याची बाजू आणखी लंगडी. (अडवून ठेवण्याचं म्हणाल, तर अशिलाने फी बुडवली म्हणून आम्हा वकिलांनाही त्याची फाइल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तसं स्पष्ट सांगितलं आहे. काही सहकाऱ्यांना ते अजून पचलेलं नाही.)

तेव्हा करायचं असं. फोनवर ठरलेली रक्कम आणि दुसऱ्या क्रेनचे तुम्हाला वाजवी वाटतात तेवढे पैसे, हे दोन्ही मिळून आज लेखी देऊ करा. व्हॉट्सॲप चालेल, त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात तपशीलवार बिल मागा: कोणती क्रेन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती किलोमीटर. पैसे देऊ केल्याचा कागद महत्त्वाचा, कारण वाजवी रक्कम समोर ठेवल्यावरही गाडी अडवली, तर त्या दिवसापासून त्याचा ताबा बेकायदा म्हणायला जागा होते. करार कायद्याच्या कलम 15 मध्ये जबरदस्तीची व्याख्या आहे आणि तिच्यात दुसऱ्याची मालमत्ता बेकायदा अडवणं किंवा अडवण्याची धमकी देणं हेही येतं.

तो ऐकणार नाही, असं धरून चालू. मग पूर्ण रक्कम भरा आणि गाडी काढा. हे वाचून तुमचा जीव वर-खाली होईल. पण एका गाडीवर घर चालणाऱ्याने बुडालेल्या खेपांचा आणि हप्त्याचा हिशेब मांडला, तर तत्त्वासाठी गाडी यार्डात सडवणं किती महाग पडतं ते आकड्यातच दिसेल. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. देण्याआधी आणि दिल्याबरोबर, दोन्ही वेळा कळवा: 'गाडी अडवल्यामुळे नाइलाजाने, हरकत राखून आणि परत मागण्याचा हक्क अबाधित ठेवून ही रक्कम देत आहे.' त्याच कायद्याच्या कलम 72 प्रमाणे जबरदस्तीमुळे घेतलेले पैसे परत करावे लागतात. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं आपलं शेवटचं अपील न्यायालय) 1913 मध्ये कन्हैयालाल विरुद्ध नॅशनल बँक ऑफ इंडिया या प्रकरणात तर असं धरलं, की या कलमातल्या जबरदस्तीला कलम 15 च्या व्याख्येची मर्यादाही नाही, शब्दाचा नेहमीचा अर्थ घ्यायचा. 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही केल्याशिवाय फाटक उघडत नसेल, तर सहीजवळ 'हरकत राखून' लिहा. तेही करू दिलं नाही तर फाटकाबाहेर पडताच संदेश पाठवा. चार दिवसांनी सुचलेल्या हरकतीला न्यायालयात फारसं वजन राहत नाही.

मालाचं वेगळं आहे. तो पार्टीचा आहे आणि टोइंगच्या भांडणाशी तिचा संबंध नाही. बिल्टीची (माल वाहतुकीला घेतल्याच्या पावतीची) प्रत जोडून, माल दुसऱ्या गाडीत भरून न्यायची परवानगी आजच लेखी मागा. पार्टीचा माणूस सोबत नेलात तर बरं. नुसत्या मालासाठी पार्टीशी वैर घ्यायला क्रेनवालेही सहसा तयार नसतात. पार्टीलाही काय घडलं ते तारखांसह लेखी कळवा, फोनवर समजूत काढत बसू नका.

गिअरबॉक्सचं प्रकरण मला सगळ्यात मोठं वाटतं. तुम्ही ते शेवटी जाता जाता लिहिलंय, पण कदाचित खरी रक्कम तिथेच आहे. मागची चाकं रस्त्यावर फिरती ठेवून टोचन लावलं आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स मागच्या चाकांना जोडणारा दांडा) उतरवला नाही, तर चाकं गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवत राहतात. इंजिन बंद असल्याने आत तेल नीट पोचत नाही आणि बेअरिंगं जळतात. हवा न भरता किंवा स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की आपोआप लागणारे) न सोडवता गाडी ओढली असेल तर टायर एकाच जागी घासून चपटे झालेले दिसतील. अवजड गाड्यांच्या क्रेनवाल्याला हे माहीत असायलाच हवं. करार कायद्याचं कलम 151 त्याच्याकडून सामान्य शहाण्या माणसाइतक्या काळजीची अपेक्षा करतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात असताना बिघडली असेल, तर काळजी घेतली होती हे त्यालाच दाखवावं लागतं. तुमच्याकडून एवढं सिद्ध व्हायला हवं की गिअरबॉक्स आधी चालू होता. मागच्या सर्व्हिसची बिलं, त्या दिवशीच्या प्रवासाचा जीपीएस, ड्रायव्हरचं म्हणणं, सगळं जमवा.

दाद कुठे मागायची, हे गाडी कोण चालवतं यावर ठरेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला वगळतो, पण केवळ पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला पुन्हा आत घेतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात स्वतः ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे आणि एक-दोन मदतनीस ठेवल्याने फरक पडत नाही असंही म्हटलं आहे. तुम्ही त्यात बसता, फक्त तक्रारीत ते ठळकपणे लिहा आणि तुमचं लायसन्स जोडा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुमच्या तीन गाड्या आणि तीन पगारी ड्रायव्हर असते, तर मी तुम्हाला दिवाणी न्यायालयात पाठवलं असतं.

पोलिसांवर राग धरू नका, सध्या तरी ते बरोबर आहेत. क्रेन तुमच्या माणसाने बोलावली, हा करार आहे. रस्ता अडतो म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 खाली पोलिसांनी गाडी उचलायला लावली असती, तर गोष्ट वेगळी होती. उद्या यार्डातून बॅटरी, स्टेपनी किंवा डिझेल गायब झालं, तर मात्र पुन्हा पोलीस ठाण्यात जा. विम्याकडूनही फार आशा नको. क्लच जाणं हा यांत्रिक बिघाड, तो साध्या पॉलिसीत बसत नाही. रोडसाइड असिस्टन्सचं जादा कव्हर घेतलं होतं का, तेवढं पाहा.

क्रेनवाल्याशी झालेलं बोलणं रेकॉर्ड झालं असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्यासोबत लागेल, ते तुमचा वकील तयार करून देईल.

गाडी हलवण्यापूर्वी मेकॅनिकला यार्डात घेऊन जा. प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट जागेवर गंजलेले, न उघडलेले दिसत असतील तर जवळून फोटो काढा. टायरचे, टोचन जिथे अडकवलं त्या जागेचेही काढा. गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी क्रेनने न्यावी लागणार आहे. शाफ्ट आधी उतरवून घ्या आणि उतरवतानाचा व्हिडिओ काढा, नाहीतर गिअरबॉक्स त्या नव्या क्रेनने घालवला, असं पहिला क्रेनवाला म्हणेल.